लिओनार्ड बर्नस्टाईन : देहबोलीतून साकारलेले संगीत

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत संचालकाचे स्थान मोठे विलक्षण असते. वादक आणि गायक मिळून कधी दोनशे-तीनशे कलावंत त्याच्यासमोर असतात, प्रत्येकाची नजर त्याच्याकडे लागलेली असते. मात्र संपूर्ण कार्यक्रमात तो स्वतः एकही सूर काढीत नाही. तालमीत तो बोलू शकतो, समजावू शकतो, प्रसंगी रागावूही शकतो. प्रत्यक्ष मैफलीत त्याच्याकडे उरतात ते केवळ हात, खांदे, चेहरा आणि श्वास. विसाव्या शतकात ज्यांच्या देहबोलीविषयी सर्वाधिक चर्चा आणि तितकीच टीका झाली, ते संचालक म्हणजे अमेरिकेचे लिओनार्ड बर्नस्टाईन. चौथऱ्यावर उड्या मारणारे संचालक अशी त्यांची थट्टा झाली. हे सारे श्रोत्यांना दिपवण्यासाठी चालते की समोरच्या कलावंतांसाठी, हा प्रश्न त्यांच्या मागे जन्मभर राहिला.

बर्नस्टाईन यांचा जन्म २५ ऑगस्ट १९१८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स या गिरणगावात झाला. त्यांचे आईवडील आजच्या युक्रेनमधून स्थलांतरित झालेले ज्यू होते. वडील सॅम्युएल यांचा केशप्रसाधन आणि सौंदर्यप्रसाधनांच्या साहित्याचा व्यापार होता आणि मुलाने तोच पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. घरात संगीताचे वातावरण नव्हते. मुलगा दहा वर्षांचा असताना क्लारा नावाच्या आत्याने आपला जुना पियानो त्यांच्या घरी ठेवायला दिला, आणि घरातल्या कलहाला तेव्हापासून सुरुवात झाली. वडील पियानोच्या शिकवणीचे पैसे द्यायला तयार नसत. मुलगा धाकट्या मुलांना शिकवून ते पैसे उभे करू लागला. मात्र पियानोच्याही आधी त्याच्या कानावर पडले होते ते समूहगायन. बोस्टनच्या मिश्कान तेफिला या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, ऑर्गन आणि गायकवृंद होता. अनेक कंठ एका श्वासात उमटतात तेव्हा काय घडते, याचा पहिला अनुभव बर्नस्टाईन यांना तेथे मिळाला. मानवी आवाजाची ही ओढ त्यांच्या संचालनात शेवटपर्यंत टिकून राहिली.

हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना, १९३७ साली, त्यांची भेट ग्रीक संचालक दिमित्री मित्रोपुलोस यांच्याशी झाली. मित्रोपुलोस हातात छडी घेत नसत आणि समोर स्वरलिपीही ठेवीत नसत. संपूर्ण रचना त्यांना मुखोद्गत असे आणि ती जणू उघड्या तळव्यांतून व बोटांतून बाहेर येत असे. पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत बर्नस्टाईन यांना गुरू लाभले ते नेमके उलट्या प्रकृतीचे. फ्रिट्झ रायनर यांच्या छडीची हालचाल इतकी लहान असे की ती पाहण्यासाठी वादकांना डोळे ताणावे लागत. हालचालीपेक्षा स्वरलिपीतील प्रत्येक ओळीचे अचूक ज्ञान महत्त्वाचे, हा त्यांचा आग्रह होता. १९४० च्या उन्हाळ्यात टँगलवूड येथे तिसरे गुरू भेटले, सर्गेई कुसेवित्स्की. दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशात संगीत कसे वाहते, याकडे त्यांनी शिष्याचे लक्ष वेधले. बर्नस्टाईन हे आडनाव बदलले तर कारकिर्दीची वाट सोपी होईल, असा सल्लाही त्यांनी दिला होता; शिष्याने तो मानला नाही. कुसेवित्स्की यांनी दिलेली बाहीची बटणे मात्र बर्नस्टाईन प्रत्येक मैफलीत वापरीत आणि मंचावर जाण्यापूर्वी त्यांचे चुंबन घेत.

या तीन गुरूंकडून मिळालेला वारसा एकमेकांशी सहज जुळणारा नव्हता. एकाने हात मोकळे करायला शिकवले, दुसऱ्याने ते आवरायला. बर्नस्टाईन यांनी सुरुवातीची अनेक वर्षे मित्रोपुलोस यांच्याप्रमाणे छडीविनाच संचालन केले. छडी त्यांच्या हातात आली ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

१४ नोव्हेंबर १९४३ हा दिवस त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या कार्नेगी हॉलमधील मैफलीचे संचालन ब्रूनो वॉल्टर करणार होते. ते फ्लूने आजारी पडले. अवघ्या पंचवीस वर्षांच्या साहाय्यक संचालकाला त्याच दिवशी निरोप मिळाला की दुपारी त्याने उभे राहायचे आहे. तालमीला वेळ नव्हता. ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या वॉल्टर यांच्याबरोबर स्वरलिपीवरून तासभर नजर फिरवणे, एवढीच काय ती तयारी. शुमान, रोझा, रिचर्ड स्ट्राउस आणि वॅग्नर यांच्या रचना त्या दिवशी सादर झाल्या. सीबीएस नभोवाणीवरून मैफल देशभर प्रसारित झाली आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. या प्रसंगाकडे बहुधा नशिबाचा खेळ म्हणून पाहिले जाते. मात्र यातली तांत्रिक बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. तालीम झालेली नसताना शब्दांनी काहीही सांगता येत नाही. त्या दुपारी वादकांपर्यंत जे पोहोचले ते केवळ शरीराच्या भाषेतून.

१९५८ साली बर्नस्टाईन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या वेस्ट साइड स्टोरी या संगीतिकेने ब्रॉडवे गाजवले होते. अमेरिकेत जन्मलेला आणि तेथेच शिकलेला संचालक इतक्या प्रतिष्ठेच्या पदावर यावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. टीकाही लगोलग सुरू झाली. न्यूयॉर्क टाइम्सचे संगीत समीक्षक हॅरॉल्ड शोनबर्ग यांनी त्यांच्या हातवाऱ्यांवर आणि उड्यांवर वर्षानुवर्षे कोरडे ओढले. ही टीका सर्वस्वी अन्यायाची होती, असे म्हणता येणार नाही. त्या काळातील काही चित्रफितींमध्ये संगीत शांत असतानाही संचालकाचे शरीर शांत नसल्याचे दिसते. हालचाल संगीताच्या पुढे धावू लागली की वादक तिच्याकडे पाहणे सोडून देतात, हे कोणताही अनुभवी वादक जाणतो.

याच सुमारास दूरचित्रवाणीने एक वेगळीच गोष्ट घडवून आणली. १८ जानेवारी १९५८ रोजी बर्नस्टाईन यांच्या मुलांसाठीच्या मैफलींचे प्रसारण सीबीएसवरून सुरू झाले. १९७२ पर्यंत अशा त्रेपन्न मैफली झाल्या. सभागृहातल्या श्रोत्याला संचालकाची पाठ तेवढी दिसते. कॅमेरा मात्र वादकांच्या बाजूने रोखलेला असे. त्यामुळे लाखो घरांत लोकांनी प्रथमच संचालकाचा चेहरा पाहिला. मागून नाटकी वाटणारी हालचाल समोरून पाहिली की तिचा अर्थ बदलतो. उचललेल्या खांद्यामागे उचललेली भुवई दिसते, हातापूर्वी घेतलेला श्वास दिसतो. गायकांच्या जागेवरून जे दिसते ते पहिल्यांदा सर्वसामान्यांना दिसले.

ही जागा किती मोलाची असते, हे मुंबईत जन्मलेल्या एका संचालकाच्या चरित्रातूनही कळते. झुबिन मेहता १९५० च्या दशकात व्हिएन्ना येथे शिकत होते. मोठ्या संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना पाहू दिल्या जात नसत. तेव्हा मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ आबादो यांनी तेथील झिंगफेराइन या गायकवृंदात नाव नोंदवले. गाणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून त्यांना वॉल्टर आणि कारायान यांचे हात आणि चेहरे समोरून न्याहाळता आले. आबादो पुढे न्यूयॉर्कमध्ये बर्नस्टाईन यांचे साहाय्यक झाले. तर मेहता यांनी १९७८ ते १९९१ या काळात त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे नेतृत्व केले.

गायकवृंदाचा विचार करताना देहबोलीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. व्हायोलिनवादकाचे वाद्य त्याच्या हातात असते. गायकाचे वाद्य म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. समोरची व्यक्ती जशी उभी राहते, तसेच आपणही नकळत उभे राहतो. संचालकाने खांदे आखडून घेतले की गायकांचा श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, गळा आवळतो आणि सूर टोकदार होतो. त्याची मान मोकळी असली, छाती उघडी असली, की श्वास खोल जातो आणि आवाजाला गोलाई येते. गाणे सुरू होण्याआधीची, हात वर नेणारी जी हालचाल असते, तिच्यात पुढच्या सुराची लय, त्याची उंची आणि त्याचा भाव सामावलेला असावा लागतो, कारण गायक त्याच क्षणी श्वास घेतात. आपल्याकडे टाळी आणि खाली दाखवणारा हात मात्रांचा हिशेब ठेवतो. संचालकाच्या उजव्या हाताचे निम्मे काम याच प्रकारचे असते. उरलेले काम डाव्या हाताचे आणि चेहऱ्याचे. तळवा खाली वळला की आवाज उतरतो, वर वळला की फुलतो. मनगटाच्या आडव्या ओघात शब्द एकमेकांत मिसळतात, उभ्या तुटक हालचालीने ते सुटे होतात. शब्दाच्या शेवटचे व्यंजन शंभर तोंडांतून एकाच वेळी उमटावे लागते. त्यासाठी बोटांची एक लहानशी मिटणारी खूण पुरते.

बर्नस्टाईन यांच्या हालचाली उत्स्फूर्त भासत. त्यामागची तयारी त्यांच्या स्वरलिपींच्या प्रतींमध्ये पाहायला मिळते. त्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या संग्रहात जतन करण्यात आल्या असून आज संगणकावरही उपलब्ध आहेत. त्यांवर दोन रंगांच्या पेन्सिलींच्या खुणा आहेत. लाल खुणा वादकांच्या प्रतींवर उतरवून घेण्यासाठी, निळ्या स्वतःसाठी. कोणत्या क्षणी कोणाकडे वळायचे आणि कोणता प्रवेश दाखवायचा, याची टाचणे त्या निळ्या खुणांत आहेत. याचा अर्थ मैफलीतले सारे काही आधी ठरलेले असे, असा नव्हे. परंतु हा गृहस्थ केवळ आवेशात हात उडवीत होता, हा समज या कागदांपुढे टिकत नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. दोनच दिवसांनी बर्नस्टाईन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह गुस्टाफ मालर यांची दुसरी सिंफनी सादर केली आणि सीबीएसने ती देशभर दाखवली. शोकसभेत विलापगीत वाजवण्याचा प्रघात असताना त्यांनी पुनरुत्थानाची ही रचना निवडली. गायकवृंदाच्या दृष्टीने ती कसोटी पाहणारी आहे. सुमारे तासभर गायक मंचावर गप्प असतात. त्यानंतर त्यांचा प्रवेश होतो तो ऐकू येईल की नाही अशा अतिमंद आवाजात, वाद्यांच्या आधाराविना. तासाभराच्या मौनानंतर शंभराहून अधिक कंठांनी कुजबुजीइतक्या आवाजात आणि तरीही अचूक सुरात एकत्र सुरुवात करायची असते. येथे मोठा हातवारा घातक ठरतो. संचालकाला जवळजवळ काहीच करायचे नसते. स्थिर राहून फक्त श्वास घ्यायचा असतो.

या सिंफनीशी बर्नस्टाईन यांचे नाते आयुष्यभराचे होते. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील ईली येथील कॅथीड्रलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि एडिंबरा फेस्टिव्हल कोरस यांच्यासह त्यांनी ती सादर केली आणि तिचे चित्रीकरण झाले. बाराव्या शतकातील त्या उंच दगडी वास्तूत सूर उमटल्यानंतरही काही काळ रेंगाळतो, त्यामुळे शब्दांचे उच्चार धूसर होण्याचा धोका असतो. चित्रफितीत बर्नस्टाईन यांचे ओठ गायकांबरोबर हलताना दिसतात. अंतिम भागात घामाने निथळलेला चेहरा आणि आकाशाकडे उचललेले दोन्ही हात ही त्यांची सर्वाधिक परिचित प्रतिमा ठरली. २०२३ साली प्रदर्शित झालेल्या मायेस्ट्रो या चित्रपटात ब्रॅडली कूपर यांनी हाच प्रसंग त्याच वास्तूत, त्याच वाद्यवृंदासह पुन्हा उभा केला. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे संचालनाचे धडे घेतले होते. या साऱ्यात एका व्यक्तीचा उल्लेख क्वचितच होतो. एडिंबरा येथील गायकवृंद घडवला होता आर्थर ओल्डम यांनी. गायकांना आठवडेन्‌आठवडे तयार करणारा वृंदप्रमुख मैफलीच्या दिवशी बाजूला होतो आणि शेवटच्या काही तालमींना आलेल्या संचालकाच्या हाती ते सोपवतो. संचालकाच्या एका नजरेला दोनशे कंठ प्रतिसाद देतात तेव्हा त्यातला मोठा वाटा त्या अनामिक परिश्रमाचा असतो.

संगीतकार म्हणून बर्नस्टाईन यांनी गायकवृंदासाठी लिहिलेली चिचेस्टर साम्स ही रचना याच संदर्भात महत्त्वाची आहे. इंग्लंडमधील चिचेस्टर कॅथीड्रलच्या डीनच्या विनंतीवरून ती १९६५ साली तयार झाली आणि त्याच वर्षी १५ जुलैला न्यूयॉर्क येथे बर्नस्टाईन यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. ख्रिस्ती प्रार्थनास्थळासाठीच्या या रचनेचे शब्द मात्र मूळ हिब्रू आहेत. पहिल्या भागाचा मुख्य ओघ सात मात्रांचा आहे. रूपक तालाची सवय असलेल्या आपल्या कानांना सात मात्रांचे नवल वाटत नाही. पाश्चात्त्य गायकवृंदाचा मात्र तेथे तोल जाऊ शकतो. तेथील संचालकाच्या देहात लय नाचावीच लागते. दुसऱ्या भागात एक मुलगा शांत स्वरात प्रार्थना गातो आणि मध्येच पुरुषांचे आवाज युद्धाच्या आवेशाने घुसतात. एकाच वेळी एका बाजूला मायेने आणि दुसऱ्या बाजूला त्वेषाने पाहण्याची किमया संचालकाला साधावी लागते. स्वतःच्या शरीराला जे ठाऊक होते तेच बर्नस्टाईन यांनी कागदावर उतरवले, असे ही रचना ऐकताना वाटते.

१९६९ साली त्यांनी न्यूयॉर्कचे पद सोडले. त्यानंतरचा बराच काळ युरोपात, विशेषतः व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या सहवासात गेला. १९७८ साली पत्नी फेलिशिया यांचे कर्करोगाने निधन झाले. नंतरच्या वर्षांत त्यांच्या लयी संथ झाल्या, कधी कधी अतिसंथ. धूम्रपानाचे व्यसन सुटले नाही आणि ज्यांच्या श्वासावर शेकडो गायक श्वास घेत, त्यांचीच फुप्फुसे कमजोर होत गेली.

व्हिएन्नातील १९८० च्या दशकातील एक चित्रफीत येथे नमूद करायला हवी. हायडन यांची अठ्ठ्याऐंशीवी सिंफनी संपल्यावर शेवटचा भाग पुन्हा वाजवण्यात आला. या वेळी बर्नस्टाईन यांनी हात वापरलेच नाहीत. भुवया, डोळे, ओठांची हालचाल आणि अधूनमधून मानेची डोलणी एवढ्यावर सगळा वाद्यवृंद चालला. एकही प्रवेश चुकला नाही. ज्यांच्यावर अतिरेकी हातवाऱ्यांचा आरोप होता, त्यांनी हात बाजूला ठेवून दाखवले. यात मिश्कीलपणा होता, तसेच त्या वादकांवरचा विश्वासही होता. हा प्रयोग पहिल्या तालमीत जमणारा नव्हे. एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्यांनाच तो शक्य होतो.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पूर्व बर्लिनमधील शाउश्पीलहाउस येथे बर्नस्टाईन यांनी बेथोवेन यांची नववी सिंफनी सादर केली. दोन्ही जर्मनींचे, तसेच अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ येथील वादक एकत्र आले होते. बव्हेरिया आणि पूर्व बर्लिन येथील नभोवाणी गायकवृंद आणि ड्रेस्डेनच्या मुलांचा वृंद गायनाला होता. वीसहून अधिक देशांत तिचे प्रसारण झाले. अंतिम गीतातील आनंद या अर्थाच्या शब्दाऐवजी बर्नस्टाईन यांनी स्वातंत्र्य या अर्थाचा शब्द गाऊन घेतला. पंडितांनी त्यावर आक्षेप घेतले. गायकांची अडचण निराळी होती. जो शब्द जर्मन गायक लहानपणापासून गात आले, तो ऐन भरात बदलायचा होता. स्वर वेगळा, शेवटचे व्यंजन वेगळे. अशा वेळी सवय एकीकडे खेचते आणि डोळे संचालकाच्या तोंडाकडे लागतात. १९४८ साली, युद्धातून वाचलेल्या ज्यूंच्या म्युनिकजवळील निर्वासित छावण्यांत तेथल्याच वादकांचे संचालन याच बर्नस्टाईन यांनी केले होते. एकेचाळीस वर्षांनी, आजाराने थकलेल्या शरीराने, ते जर्मन गायकांकडून स्वातंत्र्य हा शब्द गाऊन घेत होते.

१९९० च्या उन्हाळ्यात त्यांनी जपानमधील साप्पोरो येथे तरुण वादकांसाठी संगीत महोत्सव सुरू केला. टँगलवूडमध्ये तर ते दीर्घकाळ शिकवीतच होते. सेइजी ओझावा त्यांचे साहाय्यक राहिले होते. मरीन ऑलसॉप यांना टँगलवूडमध्ये त्यांचे मार्गदर्शन लाभले. २००७ साली बाल्टिमोर सिंफनीची सूत्रे हाती घेत त्या अमेरिकेतील अशा मोठ्या वाद्यवृंदाच्या पहिल्या महिला संगीत संचालक ठरल्या.

१९ ऑगस्ट १९९० रोजी त्याच टँगलवूडमध्ये बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर त्यांची अखेरची मैफल झाली. कार्यक्रमातील स्वतःच्या रचनेचे संचालन त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले होते. बेथोवेन यांच्या सातव्या सिंफनीच्या तिसऱ्या, वेगवान भागात त्यांना खोकल्याची जबरदस्त उबळ आली. ते मागच्या कठड्याला टेकले. ठोका देणारा हात थांबला. वाद्यवृंद थांबला नाही. त्यांच्या डोळ्यांकडे आणि मानेच्या हालचालीकडे पाहत वादक पुढे वाजवीत राहिले. चौथ्या भागासाठी ते पुन्हा सावरले आणि मैफल पूर्ण झाली.

९ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांनी संचालनातून निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर पाचच दिवसांनी, १४ ऑक्टोबर रोजी, न्यूयॉर्क येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनमधील ग्रीन-वूड दफनभूमीत पत्नीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. मालर यांच्या पाचव्या सिंफनीची स्वरलिपी त्यांच्यासोबत ठेवण्यात आली होती.